वडिलांच्या आजारपणासाठी असाधारण (बिनपगारी) रजा: अनुभवी मंडळींची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी राज्य शासनाच्या सेवेत लिपिक आहे. कार्यालय बेलापूरला, राहायला ठाण्यात कोपरीला. दिवाळीनंतर वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. फिजिओथेरपिस्ट रोज सकाळी येऊन हातात स्पंजचा चेंडू देतात आणि मूठ मिटायला लावतात. इतके दिवस चेंडू घरंगळून जायचा, परवा पहिल्यांदा बोटांत थोडा वेळ टिकला. डॉक्टर म्हणतात, सुधारणा व्हायची ती याच महिन्यांत, व्यायाम दिवसातून तीनदा झालेच पाहिजेत. एकट्या आईला त्यांना उठवणं-बसवणं झेपत नाही. मदतीला ठेवलेली माणसंही टिकत नाहीत. म्हणून सहा महिने तरी घरी राहायचं ठरवलंय.

अर्जित (पूर्ण पगारी) रजा दवाखान्याच्या धावपळीतच संपली. अर्धवेतनी (अर्ध्या पगाराची) शिल्लक आहे. ती वर्षाला 20 दिवस जमा होते आणि खासगी कारणासाठीही मिळते, त्यामुळे आधी ती आणि तिला जोडून असाधारण रजा, असा एकच अर्ज द्यायचा विचार आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 नुसार इतर रजा शिल्लक असतानाही लेखी मागितल्यास असाधारण रजा मंजूर होऊ शकते. पण घराचा हप्ता चालू आहे, पहिल्या दिवसापासून बिनपगारी परवडणार नाही.

खरी अडचण पुढे आहे. परिवर्तित रजा (अर्धवेतनी रजा वळती करून घेतलेली पूर्ण पगारी रजा) असो की वैद्यकीय कारणावरची असाधारण रजा, प्रमाणपत्र कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या आजाराचं लागतं. वडिलांच्या आजारासाठी घेतलेली असाधारण रजा विनावैद्यकीय धरली जाते आणि तो काळ वेतनवाढीसाठी मोजला जात नाही. मी 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेला, म्हणजे एनपीएसवाला (राष्ट्रीय पेन्शन योजना). पगारच नाही तर पेन्शन खात्यात माझे 10 टक्के नाहीत आणि शासनाचे 14 टक्केही नाहीत. हे नुकसान सोसायची तयारी आहे. पण कार्यालयातल्या एकाने सुचवलं, "स्वतःच्याच नावाचं मेडिकल जोड ना, कोण बघतंय!" ते मी करणार नाही. वडिलांची सेवा करायची आणि त्यासाठी खोटा कागद द्यायचा, हे मनाला पटत नाही. शिवाय ती नोंद कायमची सेवापुस्तकात राहणार. मुलांसाठी बाल संगोपन रजा मिळते, तशी अंथरुणाला खिळलेल्या आईवडिलांसाठीही मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

ज्यांनी आईवडिलांसाठी अशी रजा घेतली आहे, त्यांनी कृपया सांगावं: अर्धवेतनी आणि असाधारण एकाच आदेशात मंजूर झाली का, की टप्प्याटप्प्याने अर्ज करावे लागले? वेतनवाढीसाठी हा काळ धरावा म्हणून कोणी वरिष्ठ कार्यालयाकडे प्रस्ताव पाठवला होता का, आणि सोबत कोणते कागद जोडले? माझं स्थायित्व प्रमाणपत्र (नोकरीत कायम झाल्याचं) अजून आलेलं नाही. अस्थायी कर्मचाऱ्याला असाधारण रजेची कालमर्यादा कडक असते, तेव्हा आधी त्याचा पाठपुरावा करावा का?

रजा हक्क म्हणून मागता येत नाही, हे माहीत आहे. आमच्याकडे पदं रिक्त आहेत, त्यामुळे साहेब अडवतील ही भीती आहे. मंजुरीचा आदेश हातात आल्याशिवाय मी घरी बसणार नाही. कोणाकडे अर्जाचा मसुदा असेल तर नाव-पत्ता खोडून इथे टाकलात तरी फार उपकार होतील. अर्ज या आठवड्यातच द्यायचा आहे.