सायलोची आग पाण्याने का विझली नाही
लेबनॉनची राजधानी बैरूतच्या बंदरातले सायलो, म्हणजे धान्य साठवायची उंच कोठारं, ‘४ ऑगस्ट २०२० च्या तिथल्या स्फोटातच संपले’ हे म्हणणं अर्धंच खरं आहे. उत्तरेकडचा भाग तडे जाऊन, कललेल्या अवस्थेत जवळपास दोन वर्षं उभा होता. आत अडकलेलं धान्य ओलीने आंबत गेलं. आंबताना निघणारी उष्णता ढिगाच्या गाभ्यात कोंडते आणि धान्य आपोआप पेटतं. जुलै २०२२ मध्ये तेच झालं. अशा आगीवर पाणी मारलं तर ते वरच्या थरांतच मुरतं, उलट ओल वाढून आंबणं जोर धरतं. धान्य उपसणं हाच खरा उपाय, पण कललेल्या भिंतींखाली माणसं पाठवणार कशी? ३१ जुलैला काही सायलो पडले, स्फोटाच्या दुसऱ्या स्मृतिदिनी आणखी काही, २३ ऑगस्टला उत्तरेकडचे उरलेले. दक्षिणेकडचा भाग मात्र त्यानंतरही उभा राहिला.