द्राक्षमणी मोठे झाल्यावर भुरी का बसत नाही?

प्रश्न: मणी ज्वारीएवढे असताना भुरी (पांढऱ्या पुडीसारखा दिसणारा बुरशीचा रोग) झपाट्याने येते, पुढे त्याच घडावर नवी लागण दिसत नाही. फवारणी तीच. असं का?

उत्तर १: फळधारणेनंतर साधारण 3-4 आठवड्यांत मणी भुरीला दाद देईनासा होतो. बुरशी सालीत सुईसारखी नळी खुपसू पाहते, पण मोठ्या मण्यावर ती बहुधा साल भेदण्याआधीच अडते.   भुरी फक्त जिवंत पेशीवर जगते, म्हणजे तिची उपासमार!

उत्तर २: बरोबर, पण म्हणून फवारणी थांबवू नका. देठ आणि कोवळी पानं नंतरही बळी पडतात. पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक लिटरला 2 ग्रॅम. पारा 35 अंशांपुढे असेल तर नको, मणी करपतात.

प्रश्नकर्ता: गंधकासोबत पोटॅशियम सिलिकेट (सिलिकॉन देणारं द्रावण) चालेल?

उत्तर २: एका टाकीत नको. ते अल्कधर्मी असतं, वेगळं मारा.