जुरिक्सन प्रोफारवरील ८० सामन्यांची बंदी: २०२४ चा हंगाम कसा मोजावा?

डावा क्षेत्ररक्षक (धागाकर्ता)

२०२५ चा हंगाम संपल्यावर नेहमीप्रमाणे मी होतकरू खेळाडूंच्या माझ्या जुन्या नोंदी पुन्हा तपासायला घेतल्या आहेत. वहीत बेसबॉलचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे जाणकार, वापरतात तीच २० ते ८० ची मोजपट्टी आहे. ५० म्हणजे मेजर लीग या अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेतला सर्वसाधारण खेळाडू आणि ८० म्हणजे एखाद्या पिढीत मोजके दिसणारे कौशल्य. २०१३ च्या पानावर जुरिक्सन प्रोफारच्या नावापुढे मी ७० लिहिले होते. त्यात माझे धाडस काहीच नव्हते, कारण त्या वर्षी ‘बेसबॉल अमेरिका’ या नियतकालिकाच्या होतकरूंच्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर होता. कुरसाव या कॅरिबियन बेटावरचा हा मुलगा सप्टेंबर २०१२ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, टेक्सास रेंजर्सकडून पहिल्यांदा फलंदाजीला उभा राहिला आणि पहिल्याच खेपेला त्याने होम रन मारला. पुढे खांद्याच्या दुखण्यात २०१४ आणि २०१५ ही दोन्ही वर्षे वाया गेली, मग संघ बदलत गेले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये कोलोरॅडो रॉकीजने त्याला करारातून मोकळे केले. मी ७० खोडून ४५ लिहिले.

त्यानंतर २०२४ उजाडले. सॅन डिएगो पाद्रेसने अवघ्या १० लाख डॉलरांत ठेवलेल्या या खेळाडूने ०.२८० च्या सरासरीने २४ होम रन मारले आणि तो पहिल्यांदाच ऑल-स्टार झाला. ऑक्टोबरमध्ये डॉजर स्टेडियमवर प्रतिस्पर्धी डॉजर्सच्या मूकी बेट्सचा फटका लेफ्ट फील्डच्या कुंपणापलीकडे प्रेक्षकांच्या हातात पडला असे सर्वांनी गृहीत धरले होते आणि बेट्स निवांत बेसांची फेरी मारू लागला होता. प्रोफारही झेल सुटल्यासारखा प्रेक्षकांकडे टक लावून उभा राहिला, आणि मग सावकाश ग्लव्हमधला चेंडू बाहेर आला. तो प्रसंग मी किती वेळा पाहिला असेल, याचा हिशेब माझ्याकडे नाही. अटलांटा ब्रेव्ह्जने त्याच्याशी तीन वर्षांचा ४ कोटी २० लाख डॉलरांचा करार केला. हंगाम सुरू होऊन आठवडाही उलटला नव्हता, तोच ३१ मार्च २०२५ रोजी एचसीजी या प्रतिबंधित द्रव्यासाठी त्याच्यावर ८० सामन्यांची बंदी जाहीर झाली.

माझा प्रश्न असा आहे की, २०२४ च्या नोंदीपुढे आता मी नेमका कोणता आकडा लिहावा? आणि ही बंदी खेळाडूला खरोखर परावृत्त करते, की धोका पत्करण्याची किंमत तेवढी आधीच सांगून ठेवते?

तिसरा बेस

प्रश्नाचा पहिला भाग मला सोपा वाटतो: २०२४ च्या नोंदीला हात लावू नये.

एचसीजी हे गर्भावस्थेत तयार होणारे हार्मोन आहे. पुरुषाच्या शरीरात ते टेस्टोस्टेरॉनच्या निर्मितीला चालना देते, आणि स्टेरॉइडच्या सेवनानंतर मंदावलेली नैसर्गिक निर्मिती पूर्ववत करण्यासाठी ते घेतले जाते, म्हणूनच ते प्रतिबंधित आहे. २००९ मध्ये मॅनी रामिरेझवर ५० सामन्यांची बंदी आली, तेव्हाही याच द्रव्याचे नाव पुढे आले होते. त्यामुळे प्रोफारविषयी संशय यावा हे स्वाभाविक आहे. परंतु २०२४ मध्ये आपली आठ वेळा चाचणी झाली आणि एकदाही काही निघाले नाही, असे त्याने निवेदनात म्हटले आहे. शिवाय आपण ज्याला अचानक झालेला कायापालट समजत आहात, तो आकड्यांत तितकासा दिसत नाही. २०१८ मध्ये त्याने २० होम रन मारले होते, २०१९ मध्ये पुन्हा २०, आणि २०२४ मध्ये २४. ताकद आधीपासूनच होती. वाढली ती सरासरी, आणि सरासरी वाढण्यामागे चेंडू सोडून देण्याचा विवेक, फटक्याची बदललेली पद्धत आणि थोडेफार नशीब अशी अनेक कारणे असतात. बंदी संपवून तो जुलैमध्ये परतला आणि २०२५ च्या हंगामात एकूण ८० सामन्यांत त्याने १४ होम रन मारले. पूर्ण हंगामाच्या मानाने हे प्रमाण २०२४ पेक्षा कमी नाही, उलट थोडे अधिकच आहे. सरासरी मात्र ०.२४५ वर आली.

फर्नांडो टाटिस ज्युनिअरचे उदाहरणही याच अंगाने पाहावे. २०२१ मध्ये ४२ होम रन मारून तो नॅशनल लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या दोन गटांपैकी एकात, अव्वल होता, ऑगस्ट २०२२ मध्ये क्लोस्टेबोल या काही मलमांत असणाऱ्या स्टेरॉइडसाठी त्याच्यावर ८० सामन्यांची बंदी आली, आणि २०२३ मध्ये होम रन २५ वर आले. एवढे ऐकून लोक निष्कर्ष काढून मोकळे होतात. त्या दोन हंगामांच्या मध्ये त्याच्या मनगटावर आणि खांद्यावर शस्त्रक्रिया झाल्या होत्या, हे कोणी सांगत नाही. शॉर्टस्टॉप सोडून राइट फील्डमध्ये गेल्यावर पहिल्याच वर्षी त्याने गोल्ड ग्लव्ह आणि प्लॅटिनम ग्लव्ह हे क्षेत्ररक्षणाचे दोन्ही सन्मान मिळवले. कुंपणाजवळून थेट तिसऱ्या बेसवर चेंडू फेकणारा तो हात कोणत्या मलमातून आला, हे मला कोणी समजावून सांगावे.

बुलपेन

‘तिसरा बेस’ यांचे आकडे बरोबर आहेत, तरीही त्यांनी दुसऱ्या प्रश्नाला बगल दिली आहे, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे.

नियमावलीचा प्रवास थोडक्यात असा. १९९१ मध्ये आयुक्त फे व्हिन्सेंट यांनी स्टेरॉइडवर बंदी असल्याचे परिपत्रक काढले, पण चाचणीच नसल्यामुळे ते कागदावर राहिले. २००३ मध्ये निनावी चाचण्या झाल्या, त्यांत ५ टक्क्यांहून अधिक नमुने दोषी निघाले आणि त्यामुळे पुढील वर्षापासून चाचण्या नियमित झाल्या. २००५ मध्ये पहिल्या गुन्ह्याला १० दिवसांची बंदी होती, २००६ पासून ५० सामने आणि २०१४ पासून ८०. दुसऱ्या गुन्ह्याला १६२ सामने, तिसऱ्याला कायमची बंदी. त्याशिवाय त्या वर्षीच्या प्लेऑफमध्येही, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, खेळता येत नाही.

ही शिक्षा मोजली जाते सामन्यांत, आणि फायदा मोजला जातो करारात. बंदीच्या काळातील पगार बुडतो हे खरे, परंतु या कारणासाठी करार रद्द करण्याची मुभा संघाला नाही. मेल्की काब्रेरा २०१२ मध्ये ०.३४६ च्या सरासरीवर असताना ५० सामन्यांसाठी बाद झाला. सरासरीचा किताब आपल्याला नको असे त्याने स्वतःच कळवले, तो बस्टर पोझीला मिळाला, आणि काही आठवड्यांतच टोरोंटो ब्लू जेजने काब्रेराला दोन वर्षांसाठी १ कोटी ६० लाख डॉलर दिले. खेळाडूंना उत्तेजके पुरवणाऱ्या बायोजेनेसिस या दवाखान्याच्या २०१३ च्या प्रकरणात जॉनी पेराल्टावर ५० सामन्यांची बंदी आली, आणि त्याच हिवाळ्यात सेंट लुईस कार्डिनल्सने त्याच्याशी चार वर्षांचा ५ कोटी ३० लाखांचा करार केला. त्याच प्रकरणातील नेल्सन क्रूझला मात्र बाल्टिमोर ओरिओल्सकडून एका वर्षाच्या ८० लाखांवर समाधान मानावे लागले, म्हणजे बाजार कधी कधी शिक्षा देतो असे म्हणावे, तर २०१४ मध्ये ४० होम रन मारून त्याने तीही वसूल केली. रॉबिन्सन कानोचा पूर्ण २०२१ चा, सुमारे २ कोटी ४० लाखांचा पगार गेला, पण दहा वर्षांचा करार २०२३ पर्यंत तसाच राहिला.

प्रोफारचा २०२५ चा पगार १ कोटी २० लाख होता. त्यातला जवळजवळ निम्मा गेला. २०२५ च्या अखेरीस उरलेल्या दोन वर्षांचे ३ कोटी शाबूत होते. धोक्याची किंमत आधीच ठरलेली आहे का, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर ‘होय’ असेच आहे. पहिल्या गुन्ह्यानंतर उरलेला करार नव्याने ठरवण्याचा हक्क संघाला मिळाला पाहिजे, असे माझे मत आहे. खेळाडूंची संघटना ते कधीही मान्य करणार नाही, हेही मला ठाऊक आहे.

जुनी स्कोअरशीट

आपण तिघेही कोट्यवधींच्या करारांविषयी बोलत आहात. मूळ धागा होतकरू खेळाडूंचा आहे, आणि उत्तेजकांच्या धोरणाचा सर्वांत मोठा भार मेजर लीगपर्यंत न पोहोचलेल्या मुलांवर पडतो, ही गोष्ट चर्चेतून सुटते आहे.

जॉन सिंगलटनचे उदाहरण घ्या. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजने हंटर पेन्सच्या बदल्यात मिळवलेला हा फर्स्ट बेसमन एकेकाळी पहिल्या शंभर होतकरूंच्या याद्यांत हमखास असायचा. जानेवारी २०१३ मध्ये गांजाच्या चाचणीत दुसऱ्यांदा दोषी निघाल्यामुळे त्याच्यावर ५० सामन्यांची बंदी आली. आपल्याला व्यसन आहे हे त्याने पुढे जाहीरपणे कबूलही केले. त्या काळी मेजर लीग संघाच्या ४० जणांच्या यादीत असलेल्या खेळाडूची गांजासाठी नियमित चाचणीच होत नसे, आणि त्या यादीबाहेरच्या मुलाला त्याच कारणासाठी बंदी भोगावी लागे. खेळ तोच, द्रव्य तेच, फरक फक्त यादीचा. २०१४ मध्ये मेजर लीगमध्ये पाऊल ठेवण्याआधीच सिंगलटनला पाच वर्षांचा १ कोटी डॉलरांचा करार मिळाला, पण दोन हंगामांत मिळून त्याची सरासरी ०.१७१ राहिली, आणि जानेवारी २०१८ मध्ये चाचणीत तिसऱ्यांदा दोषी निघाल्यानंतर १०० सामन्यांची बंदी आल्यावर त्याचे नाव याद्यांतून पुसले गेले. ११ ऑगस्ट २०२३ रोजी एंजल्सविरुद्ध त्याने एकाच सामन्यात दोन होम रन मारले. त्याआधीचा त्याचा मेजर लीगमधला होम रन २०१५ मधला होता.

हा गांजाचा नियम डिसेंबर २०१९ मध्ये बदलला, आणि त्यामागे टायलर स्कॅग्जचा मृत्यू होता. एंजल्सचा हा २७ वर्षांचा पिचर १ जुलै २०१९ रोजी टेक्सासमधील हॉटेलच्या खोलीत मृतावस्थेत सापडला. शरीरात फेंटानिल, ऑक्सिकोडोन आणि मद्य आढळले. त्यानंतर गांजा यादीतून निघाला आणि ओपिऑइड व कोकेनच्या चाचण्या सुरू झाल्या. एवढा साधा विवेक येण्यासाठी एक जीव जावा लागला, याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

डोमिनिकन समर लीग या मेजर लीग संघांच्या सर्वांत खालच्या पायरीवरील १७-१८ वर्षांच्या मुलांच्या निलंबनाच्या बातम्या तर दोन ओळींत संपतात. द्रव्य बहुधा स्टॅनोझोलॉल किंवा बोल्डेनोन, म्हणजे घोड्यांवरही वापरली जाणारी स्टेरॉइडे, आणि बंदी ५६ सामन्यांची, जो तिथला संपूर्ण हंगाम असतो. ज्या मुलाचे भवितव्य सोळाव्या वर्षी फेकीचा वेग किती यावर ठरते, त्याला इंजेक्शन कोणी दिले, हे कोणी विचारत नाही. ज्या प्रशिक्षकाला त्याच्या करारावेळच्या बोनसमधला वाटा मिळतो, त्याचे नाव बातमीत येत नाही. २०२३ च्या करारानंतरही ट्रिपल-ए मधील, म्हणजे मेजर लीगच्या लगेच खालच्या पायरीवरील, खेळाडूचे किमान वार्षिक वेतन त्या वर्षी ३५,८०० डॉलर होते, तर मेजर लीगमधील किमान वेतन २०२५ मध्ये ७ लाख ६० हजार होते. ‘बुलपेन’ यांचा करारांचा हिशेब मला पटतो, पण मोहाची खरी पायरी काब्रेरापाशी नसून या दोन आकड्यांच्या मध्ये आहे.

बुलपेन

आपला मुद्दा मान्य आहे. मी करार पाहिले आणि त्या पायरीखाली पाहिले नाही. तरीही ज्याच्याकडे वकील, वैद्य आणि प्रमाणित पूरक आहार सगळे काही आहे, त्याला आणि त्या मुलाला एकाच मापाने तोलावे, हे मला अजूनही पटत नाही.

आणि सन्मानांचे म्हणाल, तर तिथे मापच नाही. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेम या मानाच्या दालनासाठी जानेवारी २०२२ मध्ये निकाल लागलेल्या मतदानात, कारकिर्दीत ७६२ होम रन मारूनही उत्तेजकांच्या आरोपांमुळे बॅरी बॉण्ड्स ६६ टक्क्यांवर अडकले, रॉजर क्लेमेन्स त्यांच्या किंचित मागे राहिले, आणि २००३ च्या निनावी यादीत ज्यांचे नाव असल्याची बातमी आली होती ते डेव्हिड ऑर्टिझ त्याच मतदानात ७७.९ टक्के मते घेऊन हॉल ऑफ फेममध्ये गेले. त्या यादीतील काही निकाल शास्त्रीयदृष्ट्या वादग्रस्त होते असे आयुक्त मॅनफ्रेड यांनी सांगितले होते, हेही नमूद करतो, नाहीतर ‘तिसरा बेस’ मला सोडणार नाहीत.

तिसरा बेस

सोडले असते. आजच्या दिवसापुरते.

डावा क्षेत्ररक्षक (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. २०२४ च्या पानावर मी ५५ लिहिले आहे आणि त्यापुढे शंकेचे कोणतेही चिन्ह केलेले नाही. ते बेट्सच्या झेलासकट सगळे तसेच ठेवतो. ८० सामन्यांची नोंद २०२५ च्या पानावर केली आहे, कारण ती त्या वर्षीची आहे.

‘जुनी स्कोअरशीट’ यांचा प्रतिसाद वाचल्यावर सिंगलटनचे जुने पान उघडले. तिथे २०१३ मध्ये मी फक्त ‘शिस्त नाही’ एवढेच दोन शब्द लिहून ठेवले होते. ते खोडले आहेत. त्या जागी काय लिहायचे, हे अजून ठरत नाही.