कोरिप्पो गाव रिकामे का झाले?

प्रश्न :
स्वित्झर्लंडच्या इटालियन भाषक तिचिनो कँटनमध्ये (कँटन म्हणजे त्या देशातील घटक राज्य), वेर्झास्का नदीच्या खोऱ्यात, कोरिप्पो नावाचे गाव आहे. ऑक्टोबर 2020 पर्यंत ती त्या देशातील सर्वांत कमी वस्तीची स्वतंत्र पालिका होती. 1850 मध्ये तेथे सुमारे 300 माणसे राहत होती. 2000 मध्ये 22 उरली आणि अखेरीस हा आकडा बारा-पंधरावर आला. लोकसंख्या घटण्याविषयी मी एक टिपण लिहीत आहे. ‘डोंगराळ भाग, म्हणून स्थलांतर’ हे उत्तर मला पटत नाही, कारण डोंगर तर 1850 मध्येही तोच होता. मग बदलले काय? आणि इतक्या थोड्या लोकांची पालिका चालत कशी होती? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद 1 :
आपली शंका रास्त आहे. आधी जागा नीट पाहू. कोरिप्पो सुमारे 560 मीटर उंचीवर, तीव्र उतारावर वसले आहे. पालिकेचे क्षेत्र साडेसात चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक होते, पण त्यातील बहुतेक भाग जंगलाचा आणि कड्यांचा. सपाट जमीन जवळजवळ नाहीच. शेती करायची ती दगडी बांध घालून केलेल्या अरुंद पायऱ्यांवर. त्यामुळे घरे एकमेकांना बिलगून उभी राहिली, भिंती दगडाच्या आणि छपरेही दगडी चिपांची. पोटाला आधार होता तो चेस्टनटची झाडे, शेळ्या आणि थोडे धान्य यांचा. 300 माणसे एवढ्यावर वर्षभर जगत असतील असे समजणे मात्र चूक ठरेल.

प्रतिसाद 2 :
वरील शेवटच्या वाक्यातच खरे उत्तर आहे, असे माझे मत आहे. वेर्झास्का खोऱ्यातील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या दोन उंचींवर राहत आली. उन्हाळ्यात माणसे गुरांसह वरच्या कुरणांवर जात आणि हिवाळ्यात खाली, मागादिनोच्या मैदानात व माज्जोरे सरोवराकाठच्या द्राक्षमळ्यांकडे उतरत. मैदानात त्यांच्या मालकीच्या जमिनी होत्या, पण तेथे कायम राहणे धोक्याचे होते, कारण तिचिनो नदीच्या पुरांमुळे तो भाग दलदलीचा होता आणि हिवतापाचा त्रास असे. 1888 पासून नदीला बांध घालून तिचे पात्र सरळ करण्याचे काम सुरू झाले, हळूहळू मैदान कोरडे झाले, आणि जी जमीन पूर्वी केवळ हिवाळ्यापुरती होती ती बारमाही राहण्याजोगी झाली. शिवाय 1882 मध्ये आल्प्स पर्वत ओलांडणारा गॉटहार्डचा रेल्वेमार्ग खुला झाला होता. त्याआधीच, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, तिचिनोच्या खोऱ्यांतील तरुण ऑस्ट्रेलिया आणि कॅलिफोर्नियाकडे जाऊ लागले होते. तेव्हा डोंगर तोच राहिला, बदलले ते पायथ्याचे मैदान. आपल्या टिपणात या मुद्द्याला पहिले स्थान द्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

प्रश्नकर्ता :
मनःपूर्वक आभार. मी आतापर्यंत केवळ गावाच्या सीमेच्या आतच पाहत होतो. वेर्झास्का नदीवरील 1960 च्या दशकातील धरणामुळे गाव उठले, असेही कोठेतरी वाचले होते; ते खरे आहे का?

प्रतिसाद 2 :
नाही. 220 मीटर उंचीचे ते धरण 1965 मध्ये पूर्ण झाले आणि त्याचा जलाशय कोरिप्पोच्या खाली पसरला. गाव पाण्याच्या पातळीच्या वर सुरक्षित राहिले. लोकसंख्येची मोठी घट त्यापूर्वीच होऊन गेली होती.

प्रतिसाद 3 :
कारभाराविषयी थोडे लिहितो. स्वित्झर्लंडमध्ये पालिकेचे अस्तित्व लोकसंख्येच्या किमान अटीवर अवलंबून नसते. मतदार स्वतः सभेत बसून निर्णय घेऊ शकतात. पण पदे भरायला माणसेच उरली नाहीत की ही व्यवस्था कोलमडते. 18 ऑक्टोबर 2020 रोजी कोरिप्पो, व्होगोर्नो, ब्रिओने, फ्रास्को आणि सोनोन्यो, तसेच लावेर्तेत्सो आणि कुन्यास्को-जेर्रा या पालिकांचे खोऱ्यातील भाग मिळून ‘वेर्झास्का’ ही एकच पालिका झाली. शेवटच्या दोघींचे मैदानातील भाग मात्र वेगळे राहिले. एकाच पालिकेचे दोन तुटक तुकडे, एक डोंगरात आणि एक मैदानात, असण्याचे मूळ वर सांगितलेल्या हिवाळी स्थलांतरातच आहे.

घरांचे काय झाले, हेही टिपणात यावे. त्यांच्या जतनासाठी 1975 मध्ये एक प्रतिष्ठान स्थापन झाले, आणि 2022 मध्ये काही रिकाम्या घरांत विखुरलेल्या खोल्यांचे हॉटेल सुरू झाले: स्वागतकक्ष व भोजनगृह एका घरात, निजण्याच्या खोल्या गल्लीतील इतर घरांत. हॉटेलातील पाहुणे जनगणनेत धरले जात नाहीत, म्हणून 2022 नंतरच्या वर्दळीची आणि रहिवाशांची आकडेवारी आपण स्वतंत्र ठेवावी.