मदत हवी आहे: ऑरेंज चिकन ताटात येईपर्यंत मऊ पडतंय, रविवारी पाहुणे आहेत

जुळे_सोलापूर (शुक्रवार, रात्री 9:12)
आतापर्यंत तीनदा केलं, तिन्ही वेळा फसलं. कढईतून काढल्या काढल्या तुकडा तोंडात टाकला तर छान कुरकुरीत लागतो. सॉसमध्ये घोळवून वाढेपर्यंत वरचं आवरण सुटतं आणि लगदा होतो. सॉसला मागाहून कडवट चव येते ते वेगळंच.

रविवारी दुपारी बहीण तिच्या मुलांना घेऊन जेवायला येणार आहे, एकूण 9 माणसं. धाकटा भाचा 11 वर्षांचा, जन्म अमेरिकेतला. आल्यापासून दहीभात आणि बिस्किटं एवढंच खातोय. आईने त्याच्यासाठी चार दिवस काय काय रांधलं, त्याने कशालाच हात लावला नाही. तिचा जीव तुटतो ते बघून. त्याला ऑरेंज चिकन आवडतं असं बहिणीकडून कळलं, तेव्हापासून मी मागे लागलेय.

पीठ, अंडं, संत्री सगळं घातलंय. व्हिडिओंच्या लिंक देऊ नका, बघून झालेत. कुरकुरीत राहायला काय करायचं तेवढं सांगा.

तव्यावरची_भाकरी (9:20)
पीठ कुठलं? संत्री कुठली? चिकन बोनलेस का हाडासकट? तेल किती तापवता? ताई, यातलं काहीच लिहिलं नाहीत, सांगणार कसं?

एअरफ्रायर_घराघरात (9:26)
एअर फ्रायर घ्या. 200 अंशांवर 12 ते 14 मिनिटं, अधेमधे एकदा हलवायचं. चमचाभर तेल पुरतं. दोन वर्षांत आमच्या घरी कढई माळ्यावर गेली.

जुळे_सोलापूर (9:31)
एअर फ्रायर नाही आणि परवापर्यंत घेणारही नाही. चिकन बोनलेस, दीड किलो. पीठ मक्याचं. तेल चांगलं तापवते. संत्री मंडईतली.

गाडीवरचा_कुक (9:38)
ताई, मी आठ वर्षं चायनीजची गाडी चालवतोय पार्क चौकाकडे. मक्याचं पीठ म्हणजे नेमकं कुठलं? पिवळं का पांढरं?

जुळे_सोलापूर (9:40)
पिवळसर. गिरणीतून दळून आणलंय. सगळ्या रेसिपीत कॉर्नफ्लॉवरच लिहिलंय ना, मग?

गाडीवरचा_कुक (9:47)
मग तिथंच गाडं अडलंय. ते भाकरीचं पीठ झालं. अख्खा दाणा दळलेला, रवाळ, पाणी पिणारं. आपल्याकडं कॉर्नफ्लॉवर म्हणून पाकिटात मिळतं ते मक्याचं निव्वळ स्टार्च, पांढरंशुभ्र. बोटात चिमटीत धरलं की कर्रकर्र वाजतं. किराणा दुकानात पाकीट मागा, गिरणीत नको. त्यात थोडी बेकिंग पावडर आणि अंडं टाका, घट्ट घोळ करा, मोठ्या आचेवर एकदाच तळा. आमच्या गाडीवर दुसऱ्यांदा तळत नाही कुणी.

कढई_आणि_झारा (9:55)
कुकदादा, कॉर्नफ्लॉवरचं अगदी बरोबर. पण एकदाच तळायचं हे मला मान्य नाही. तुमच्या गाडीवर तुकडा तळला की दोन मिनिटांत गिऱ्हाईकाच्या हातात. यांना 9 जणांना वाढायचंय.

दोनदा तळण्याचं कारण सांगते. पहिल्यांदा तेल मध्यम, 160 अंशांच्या आसपास. चार-पाच मिनिटांत मांस आतून शिजतं. बाहेर काढून जाळीवर 10 मिनिटं ठेवलं की आतलं पाणी हळूहळू आवरणात येतं. म्हणूनच एकदाच तळलेला तुकडा थोड्या वेळाने नरम पडतो. मग तेल 190 पर्यंत तापवून मिनिटभर परत तळायचं. आवरणात आलेलं पाणी वाफ होऊन निघून जातं, वरचं कवच कडक होतं आणि मांसही सुकत नाही.

आणि घट्ट घोळ करू नका. अंड्याचा फक्त पांढरा भाग, चमचाभर सोया सॉस आणि मीठ चिकनला चोळून अर्धा तास ठेवा. मग कोरड्या कॉर्नफ्लॉवरमध्ये घोळवा, जास्तीचं झटका. अर्धा किलोला पाऊण वाटी कॉर्नफ्लॉवर आणि त्यात दोन चमचे तांदळाचं पीठ मिसळलं की कुरकुरीतपणा टिकतो.

गाडीवरचा_कुक (10:02)
कोरडं लावलं की तेलात पीठ सुटतं, तेल काळं पडतं. दिवसाला चार किलो तळणाऱ्याला ते परवडत नाही.

कढई_आणि_झारा (10:05)
घरी दीड किलोच तळायचंय, दादा. घोळवून 10 मिनिटं तसंच ठेवलं की पीठ ओलं होऊन धरतं, सुटत नाही.

तिखट_शेंगा (10:11)
तळायला घाण्याचं शेंगतेल घ्या, चव लागते आणि तब्येतीलाही चांगलं. रिफाइंडच्या भानगडीत पडू नका.

कढई_आणि_झारा (10:14)
भाजीला घाण्याचं तेल उत्तमच. पण 190 ला नेण्याआधीच ते धुरावतं आणि तळणाला करपट वास लागतो. इथे रिफाइंड शेंगतेल किंवा सूर्यफूलच बरं.

तिखट_शेंगा (10:16)
आमच्या घरी पुऱ्या, भजी सगळं घाण्याच्या तेलातच होतं. कधी करपट वास आला नाही.

तव्यावरची_भाकरी (10:19)
भज्यांना एवढं तेल तापवावं लागत नाही.

जुळे ताई, घरात थर्मामीटर नसणार. लाकडी उलथन्याचं टोक तेलात बुडवा. कडेने संथ बुडबुडे आले तर पहिल्या तळणाचं तेल झालं. जोरात फसफसले तर दुसऱ्या तळणाचं. आणि एका वेळी मूठभरच तुकडे सोडा. दीड किलो एकदम टाकलंत तर तेल गार पडतं, मग चिकन तळत नाही, तेलात शिजतं.

वाचनवेडा_पेठ (10:24)
थोडं बाजूचं, पण सांगावंसं वाटतं. हा पदार्थ चीनमधला म्हणून आपल्याकडे खपतो, पण तुमच्या भाच्याने खाल्लं ते अमेरिकेतलंच. पांडा एक्सप्रेस या साखळीचे शेफ अँडी काओ यांनी 1987 मध्ये हवाईत तो बसवला. चीनमध्ये सिच्वान आणि हुनान भागात वाळवलेल्या संत्र्याच्या सालीबरोबर कोंबडी करतात, पण ती तिखट असते, गोड पाकातली नसते. आपल्या चिकन मंच्युरियनचीही गोष्ट अशीच आहे. ते नेल्सन वांग यांनी 1975 मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लबमध्ये केलं.

गाडीवरचा_कुक (10:29)
मंच्युरियनचं माहीत होतं. आमच्या गाडीवर रोज खपतं त्यात तेच पहिल्या नंबरला.

सात_रस्ता (10:33)
मंच्युरियन म्हटलं की कोबीचंच. ताई, भाच्याला कोबी मंच्युरियन करून द्या, बाहेरच्यापेक्षा भारी होतं. कोबी किसून पिळून घ्यायचा, मैदा आणि कॉर्नफ्लॉवर निम्मं निम्मं...

जुळे_सोलापूर (10:37)
त्याला ऑरेंज चिकनच हवंय ओ. कोबी घरात कुणालाच नकोय. कडवटपणाचं सांगा कुणीतरी, तो का येतो?

तव्यावरची_भाकरी (10:40)
पुन्हा तेच, माहितीच देत नाही तुम्ही. रस कसा काढता? साल घालता का?

जुळे_सोलापूर (10:44)
संत्री सोलून मिक्सरमध्ये फिरवते आणि गाळते. साल किसून सॉसबरोबर उकळते. दुसऱ्या वेळी पॅकबंद रस वापरला, तेव्हा कडू नव्हतं पण नुसताच गोडमिट्ट पाक झाला. संत्री मोठी आहेत, घट्ट सालीची.

वाचनवेडा_पेठ (10:52)
घट्ट सालीची, मोठी आणि भरपूर बिया? मग ती संत्री नाहीत, किन्नू आहेत. जानेवारीत मंडईत बहुतेक तोच दिसतो, पंजाब-राजस्थानकडून येतो. किन्नू म्हणजे कॅलिफोर्नियात 1915 मध्ये केलेला किंग आणि विलो लीफ या दोन जातींचा संकर. नागपूर संत्र्याची दोन पिकं असतात: आंबिया बहार डिसेंबरला संपत आलेला असतो आणि मृग बहार फेब्रुवारीकडे जोर धरतो. त्यामुळे सध्या नागपुरी कमीच दिसणार.

यात तुमचा फायदाच आहे. नागपुरीची साल सैल आणि फुगीर, किसणीवर धड किसली जात नाही. किन्नूची घट्ट साल छान किसली जाते.

कढई_आणि_झारा (10:58)
बिया! मिक्सरमध्ये बिया वाटल्या गेल्या की रस कडू होणारच. बियांमध्येच कडूपणा सगळ्यात जास्त. आणि काढून ठेवलेला किंवा उकळलेला रस तर अजून कडवट होत जातो. हातानेच पिळायचा, मिक्सर बाजूला ठेवा. साल किसताना फक्त वरचा नारिंगी थर घ्या, पांढरं दिसलं की थांबा. वास सगळा त्या नारिंगी थरातल्या तेलात असतो आणि उकळलं की तो उडून जातो. म्हणून साल अगदी शेवटी, गॅस बंद केल्यावर.

सॉस अर्ध्या किलोला: अर्धी वाटी रस, चार चमचे साखर, दोन चमचे पांढरं व्हिनेगर, दीड चमचा सोया सॉस, बारीक आलं-लसूण, दोन सुक्या मिरच्या. उकळी आली की चमचाभर कॉर्नफ्लॉवर पाण्यात कालवून लावा. चमच्याच्या पाठीला चिकटून राहील इतका घट्ट व्हायला हवा. सॉस पातळ राहिला तर कितीही तळा, चिकन भिजणारच. चव बघून साखर कमी-जास्त करा, किन्नू आंबट असतो.

होम_मैदान (11:06)
गड्ड्याच्या यात्रेला आलेल्या पाहुण्यांना सोलापूरचं काही खाऊ घाला की. कडक भाकरी, शेंगा चटणी, दही. पोराला एकदा चटणी-दह्याची चव लागली की पुन्हा चिकन मागणार नाही.

जुळे_सोलापूर (11:10)
ते सगळं ताटात असणारच आहे. तो खात नाही, म्हणून तर हे चाललंय.

आणखी एक विचारायचं राहिलं. पाहुणे 1 वाजता येणार, तर मी 11 लाच सगळं करून ठेवू का? मागच्या तिन्ही वेळा असंच केलं होतं. सॉसमध्ये घोळवून गरम राहावं म्हणून कॅसरोलमध्ये भरून ठेवलं.

कढई_आणि_झारा (11:12)
कॅसरोलमध्ये?! झाकण लावून?

जुळे_सोलापूर (11:13)
हो, पोळ्या ठेवतो त्यातच. एरवी थंड होणार ना.

तव्यावरची_भाकरी (11:18)
ताई, हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं! पोळी मऊ राहावी म्हणूनच आपण ती कॅसरोलमध्ये ठेवतो. तीच वाफ चिकनवर बसते. दोन तास वाफेत ठेवल्यावर कुठल्याही पिठाचं कवच टिकणार नाही.

कढई_आणि_झारा (11:23)
मग तुमच्या रविवारची आखणी अशी. सकाळी 11 पर्यंत पहिलं तळण करून तुकडे जाळीवर पसरा, एकावर एक नको, वर झाकण नको. माशा बसू नयेत म्हणून पातळ कापड चालेल. सॉस वेगळा करून ठेवा. लोक ताटावर बसले की तेल तापवा, दुसरं तळण करा. दुसऱ्या बर्नरवर सॉस गरम करून त्यात साल घाला, तळलेलं चिकन टाका, 20 सेकंद हलवा आणि वाढा. भाच्याचं पहिल्या घाण्यातलं.

गाडीवरचा_कुक (11:29)
ही आखणी एक नंबर. गाडीवर एका वेळी एकच प्लेट, म्हणून मला दुसऱ्या तळणाची गरज पडली नव्हती. घरच्या पंगतीला झाराताई म्हणतात तसंच करा. तुकडे दीड इंचाचे ठेवा आणि छातीच्या मांसाऐवजी तंगडीचं घ्या. चिकनवाल्याला सांगितलं तर हाड काढून देतो. दुसऱ्या तळणात छातीचं लगेच कोरडं पडतं, तंगडीचं पडत नाही.

एअरफ्रायर_घराघरात (11:34)
दुसरं तळण एअर फ्रायरमध्येही होतं बरं का.

जुळे_सोलापूर (शनिवार, रात्री 10:05)
कॉर्नफ्लॉवर आणून पाव किलोवर करून बघितलं. जाळी नव्हती, पापड भाजायची जाळी परातीवर ठेवली. अर्ध्या तासाने दुसऱ्यांदा तळलं. यांनी जिन्यातून आवाज ऐकून विचारलं, पापड तळलेस का! कडूपणा अजिबात नाही. साल शेवटी घातल्यावर घरभर किन्नूचा वास सुटला.

सॉसचा रंग मात्र तपकिरी आला. तिथल्यासारखा केशरी कसा आणायचा?

गाडीवरचा_कुक (10:12)
सोया सॉसमुळे. दीड चमच्याचा एक करा, बाकीची कसर मिठाने भरा. काश्मिरी मिरची गरम पाण्यात भिजवून वाटून घाला. गाडीवाले काही जण रंग टाकतात, मी टाकत नाही, लेकरं खातात.

जुळे_सोलापूर (रविवार, संध्याकाळी 6:40)
झालं. सगळ्यांचे आभार आधी.

भाच्याने पहिली वाटी संपवून आजीकडे वाटी पुढे केली. आईने स्वतः त्याला दुसऱ्यांदा वाढलं आणि मग तिथेच त्याच्याजवळ बसून राहिली. तिने चिकन खाल्लं नाही, तिला गोड चिकन पटत नाही, पण तो खातोय ते शेवटपर्यंत बघत होती. जाताना त्याने तिला विचारलं, उद्या परत करशील का. केलं मी होतं, पण त्याला वाटलं आजीने केलं. मी काही बोलले नाही.

घाणे मात्र सहा करावे लागले. शेवटच्या घाण्यापर्यंत मोठी माणसं जेवून उठली होती. उरलेलं सासूबाईंनी सवयीने कॅसरोलमध्ये टाकलं. संध्याकाळी उघडलं तर पुन्हा तसाच लगदा. ते आता परत कुरकुरीत होईल का?

कढई_आणि_झारा (6:52)
सॉस लागलेलं परत होणार नाही. रात्री गरम भातात परतून टाका, छान लागतं. उद्या करायचं असेल तर आजच चिकन सोया सॉस आणि अंड्यात मुरवून फ्रीजमध्ये ठेवा. आणि आजीच्या हातात झारा द्या.

एअरफ्रायर_घराघरात (7:15)
सॉस नसलेले तुकडे असतील तर 180 वर 4 मिनिटं.

जुळे_सोलापूर (7:20)
सॉस नसलेला एकही उरला नाही. चिकनवाल्याकडे निघालेय, किलोभर आणते.