मदत हवी आहे: खाणीवरची नोकरी मॅनेजरच्या रेझ्युमेत कशी लिहू?

नमस्कार मंडळी,

मी गोव्यातल्या डिचोलीचा, वय ४५, बी.कॉम. वेर्ण्याच्या एका कंपनीत असिस्टंट मॅनेजर, लॉजिस्टिक्स अशी जागा निघाली आहे. अर्जाला आठवडा आहे. याआधी नऊ ठिकाणी रेझ्युमे पाठवला, फोन एकाच ठिकाणाहून आला. तिथल्या एचआरच्या मुलीने दोनच गोष्टी विचारल्या: "सर, तुम्ही मॅनेजमेंट नेमकं काय केलंत?" आणि "२०१३ ते २०१५ कुठे होतात?" दोन्हींवर अडखळलो.

२००४ ला खाणीवर डिस्पॅच क्लार्क म्हणून लागलो, २००९ ला सुपरवायझर झालो. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यातल्या खाणी बंद. वर्षभर कंपनीने अर्ध्या पगारावर ठेवलं, मग घरी. दोन वर्षं मेहुण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात बसलो. २०१५ च्या अखेरीस परत बोलावलं, तर फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने खाणींच्या ८८ लीजांचं (भाडेपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. २०१९ पासून कुंडईला एका पॅकेजिंग कारखान्यात स्टोअर इन्चार्ज आहे. आपल्याकडच्या माणसाला यातलं काही समजावावं लागत नाही. बाहेरून आलेल्या एचआरला मात्र वाटतं, हा गडी कुठे टिकतच नाही.

रेझ्युमे बाजारातल्या सायबरवाल्याकडून करून घेतलाय. डावीकडे निळा पट्टा, त्यात फोटो, खाली 'लीडरशिप'समोर पाचपैकी चार तारे. (चारच का, तर म्हणे पाच दिले की खोटं वाटतं.) वडिलांचं नाव, धर्म, विवाहित, दोन मुलं, शेवटी 'वरील माहिती खरी आहे' आणि सही. खाणीच्या कामाखाली एवढंच आहे: "खनिज वाहतुकीवर देखरेख. ट्रक व बार्ज यांचा समन्वय. रेकॉर्ड ठेवणे. वरिष्ठांनी सांगितलेली इतर कामे."

हे कसं सुधारू? आणि सुपरवायझरच्या जागी 'मॅनेजर' लिहिलं तर चालेल का? काम तर तेच करत होतो.

प्रतिसाद १

नोकरभरतीचंच काम करते, म्हणून स्पष्ट लिहिते. निळा पट्टा, फोटो, तारे, धर्म, मुलं सगळं काढा. ते लग्नाच्या बायोडेटात शोभतं. शिवाय बऱ्याच कंपन्यांत रेझ्युमे आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि दोन रकान्यांच्या मजकुरात त्याचा अनेकदा गोंधळ होतो. साधी वर्ड फाइल, दोन पानं, ताजी नोकरी सगळ्यात वर.

पण खरी अडचण 'वरिष्ठांनी सांगितलेली इतर कामे' ही आहे. त्या एका ओळीने तुम्ही स्वतःला पुन्हा क्लार्क करून टाकलंत. मला सांगा, ट्रक किती होते, हाताखाली माणसं किती, आणि कुठली गोष्ट तुमच्यामुळे बदलली?

मूळ लेखक

जेटीवर (नदीकाठच्या धक्क्यावर) माझ्या पाळीत साठेक टिप्पर, प्रत्येकी दहा टन, दिवसाला तीन फेऱ्या. माणसं चौदा. ट्रक कंपनीचे नव्हते, गावातल्या लोकांचे. एखाद्याला फेरी कमी मिळाली की वजनकाट्यावर भांडण, मग रांग अडायची आणि खाली दोन हजार टनी बार्ज (मालवाहू नौका) भरतीच्या पाण्याची वेळ चुकवून उभी. २०११ मध्ये मी टोकन सुरू केलं. आदल्या संध्याकाळीच नंबर द्यायचे, पहिला आलेला ट्रक दुसऱ्या दिवशी शेवटी. ट्रकवाल्यांची आठ दिवस समजूत काढावी लागली, एकाने तर माझ्या स्कूटरची हवा काढली. पण रिकामा होऊन ट्रक परत फिरायला दीड तास लागायचा तो पन्नास मिनिटांवर आला. हे रेझ्युमेत लिहितात?

प्रतिसाद १

अहो, हेच लिहितात! स्कूटर सोडून. असं करा: "रोज ६० ट्रक आणि सुमारे १,८०० टन मालाच्या जेटी डिस्पॅचची जबाबदारी, १४ जणांची पाळी. खासगी ट्रकमालकांशी बोलणी करून टोकन पद्धत सुरू केली, ट्रक परतण्याचा वेळ ९० वरून ५० मिनिटांवर आणला." देखरेख, समन्वय असले शब्द लागतच नाहीत. कुंडईच्या कामाचंही असंच काढा, साठ्यातली तफावत, मुदत संपून वाया जाणारा माल, जे असेल ते. वेर्ण्यावाल्यांना आज तुम्ही काय करता तेच आधी बघायचंय. जाहिरातीत ज्या सॉफ्टवेअरचं नाव असेल ते खरोखर येत असेल तरच लिहा.

प्रतिसाद २

मीही साखळीकडच्या खाणीवर होतो. पदनाम बदलू नका, दादा. नेमणूकपत्र आणि अनुभवाचा दाखला मागतात, तिथे 'सुपरवायझर' दिसलं की बाकीचं खरंही खोटं ठरतं. नोकरीतल्या खंडाचं म्हणाल तर तो लपवू नका. मी कंपनीच्या नावाखाली एकच ओळ टाकली होती: "२०१२ व २०१८ मध्ये राज्यातील खाणकाम थांबल्याने सेवा खंडित." मुलाखतीत कुणी त्यावर पुढे विचारलं नाही. २०१५ ला तुम्हाला परत बोलावलं ना? तेही लिहा. बंद पडलेली कंपनी सुरू होताना नको असलेल्या माणसाला कोण बोलावतं?

मूळ लेखक

हे परत बोलावल्याचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. दुकानाची दोन वर्षं लिहू का?

प्रतिसाद २

खरेदी, उधारी, माल मागवणं तुम्ही बघत असाल तर दोन ओळी लिहा. नुसते गल्ल्यावर बसला असाल तर नोकरीचं नाव देऊ नका, वर्षं तेवढी मोकळी दिसू द्या.

मूळ लेखक

खरेदी मीच बघायचो, मडगावच्या घाऊकवाल्यांशी भाव ठरवायचो. लिहितो तर मग. टोकनची वही माळ्यावर आहे, तिच्यातून मिनिटांचा हिशेब एकदा पडताळतो आणि रात्री नवा मसुदा इथेच टाकतो. तारे काढले.