स्त्री अभ्यास केंद्राचं वर्ष 'स्त्रिया आणि सार्वजनिक धोरण' या विषयाभोवती कसं बांधावं?

नवी_वही

महाराष्ट्रातल्या एका राज्य विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राचा जून ते मे असा आराखडा करायचा आहे. संचालक, दोन साहाय्यक प्राध्यापक, एक प्रकल्प साहाय्यक आणि पदव्युत्तर वर्गाचे पंचवीसेक विद्यार्थी, एवढं मनुष्यबळ. ठरीव कार्यक्रम असे: जुलैत व्याख्यान, २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर हिंसाविरोधी मोहीम, ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, ८ मार्चला परिसंवाद. हे सगळं वेळेवर होतं, अहवालही जातो. पण यातून धोरणावर काही काम होतं असं म्हणता येत नाही. वर्षभरात काय, कधी आणि किती करावं? लोकप्रतिनिधी स्त्रियांचं प्रशिक्षण, अर्थसंकल्पाचा अभ्यास आणि एक क्षेत्र-सर्वेक्षण, हे तिन्ही एवढ्या माणसांत झेपेल का?

पायवाट

झेपेल, पण तिन्हींचा विषय एकच हवा. यंदा पाणी घेतलं तर प्रशिक्षणही पाण्याचं, बजेटही पाण्याचं, सर्वेक्षणही पाण्याचं. तीन वेगळे विषय घेतले की प्रत्येकाची तयारी शून्यापासून करावी लागते आणि डिसेंबरपर्यंत सगळे थकतात.

दुसरं म्हणजे कॅलेंडर दिनविशेषांवरून लावू नका. निर्णय कधी होतात ते आधी मांडा आणि त्याच्या सहा-आठ आठवडे आधी आपलं काम बसवा. गावपातळीवर हे सोपं आहे. आपल्याकडे वर्षाला किमान चार ग्रामसभा होतात, बहुतेक ठिकाणी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास. पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा २ ऑक्टोबरपासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या मोहिमेत आकाराला येतो. म्हणजे पाणी, शौचालय, अंगणवाडी, रस्त्यावरचे दिवे याबद्दल बायकांचं म्हणणं त्यात यायचं असेल, तर विद्यार्थी ऑगस्टच्या मध्यापासून गावात हवेत. तोच विषय ८ मार्चला परिसंवादात मांडला, तर तोवर आराखडा ठरून गेलेला असतो.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. सभा झाली का, एवढंच विचारून थांबू नका; इतिवृत्ताची वही मागा. महिला सभेतला ठराव ग्रामसभेच्या इतिवृत्तात तसाच उतरलाय की 'महिलांच्या विविध अडचणींवर चर्चा झाली' एवढ्या एका ओळीत गुंडाळलाय, ते बघा. अशा ओळीवरून कुणालाच काही करावं लागत नाही. ठरावात काम, जागा, अंदाजे रक्कम आणि मुदत या चार गोष्टी हव्यात. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी असतो. ठरावातली रक्कम त्यातून मागता येते का, हेही तिथंच ठरवून घ्या.

प्रशिक्षणाबद्दल. २०११ पासून राज्यातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी ५० टक्के आरक्षण आहे, त्यामुळे सदस्य मिळायला अडचण नाही. त्या येऊ कशा शकतील ही अडचण असते. विद्यापीठात दोन दिवसांचं निवासी शिबिर ठेवलं की लहान मुलं, गुरं आणि बुडणारी मजुरी यामुळे निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतात. तालुक्याच्या गावी, अकरा ते चार, पंचवीस-तीस जणींचा एकच दिवस ठेवा. प्रवासखर्च त्याच दिवशी हातात द्या. मुलांसाठी शेजारची खोली आणि दोन विद्यार्थी. बरोबर आलेल्या पुरुषांसाठी वेगळ्या सभागृहात त्याच वेळेचं सत्र ठेवा, नाहीतर पुढच्या रांगेतून उत्तरं तेच देतात. आणि भाषणं नकोत: प्रत्येकीनं आपल्या ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक आणायचं, त्यातली एक बाब शोधायची आणि तिच्यावर एक ठराव स्वतःच्या हातानं लिहायचा. पाच तासांत एवढंच होतं आणि एवढं पुरे.

ताळेबंद

अर्थसंकल्पाची कार्यशाळा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ठेवा. केंद्र सरकारचा अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला येऊन गेलेला असतो आणि राज्याचा मार्चमध्ये यायचा असतो, त्यामुळे हाती आकडे असतात आणि पत्रकारांनाही विषयात रस असतो.

केंद्रीय अर्थसंकल्पाबरोबर २००५-०६ पासून जेंडर बजेटचं, म्हणजे योजनांमधला स्त्रियांसाठीचा वाटा दाखवणारं, विवरणपत्र येतं. भाग अ म्हणजे पूर्ण तरतूद स्त्रियांसाठी, भाग ब म्हणजे किमान ३० टक्के. २०२४-२५ पासून ३० टक्क्यांहून कमी वाटा असलेल्या योजनांसाठी भाग क आला. विद्यार्थ्यांची हमखास चूक इथं होते: ते शेवटची बेरीज घेतात आणि 'तरतूद इतक्या टक्क्यांनी वाढली' असं लिहून मोकळे होतात. भाग क आल्यावर बेरीज वाढणारच, त्यासाठी एकही नवा रुपया लागत नाही. भाग अ मध्ये ग्रामीण आवास योजनेसारखी मोठी रक्कम पूर्णच्या पूर्ण धरली जाते. घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर असणं महत्त्वाचं आहेच, पण त्यात राहतं सगळं कुटुंब. ही रक्कम बाजूला काढून बेरीज पुन्हा करायला लावा. त्या एका कृतीत विवरणपत्र कसं बनतं ते लक्षात येतं.

मग एका विद्यार्थ्याला एकच योजना. तीन रकाने: अर्थसंकल्पीय अंदाज (वर्ष सुरू होण्याआधीचा), सुधारित अंदाज (वर्ष चालू असतानाचा), प्रत्यक्ष खर्च. प्रत्यक्ष खर्च दोन वर्षांनी दिसतो, म्हणजे २०२३-२४ मध्ये खरोखर किती खर्च झाला ते २०२५-२६ च्या कागदांत सापडतं. तिन्ही आकडे एकाच वर्षाचे हवे असतील तर सलग दोन वर्षांचे दस्तऐवज उघडावे लागतात. एकाच दस्तऐवजातले सगळे रकाने एकाच वर्षाचे नसतात; ते एकाच वर्षाचे धरणं ही दुसरी हमखास चूक. तिसरी अशी की २०२१-२२ पासून बऱ्याच योजना मिशन शक्ती, मिशन वात्सल्य, सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.० यांत एकत्र केल्या गेल्या. त्यामुळे जुन्या नावाची योजना पुढच्या वर्षी 'शून्य' दिसते. ती बंद पडली असं लिहिण्याआधी कुठल्या शीर्षाखाली गेली ते शोधा.

ओवी

सर्वेक्षण करायचं तर वेळवापराचं करा, म्हणजे दिवसाचा कुठला वेळ कशात जातो याचं. पाणी हा विषय धरला तर फारच नेमकं बसतं.

२०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात घरच्यांसाठी बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात असं दिसलं. हे काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. ही सरासरी ते काम करणाऱ्यांची आहे, सगळ्या पुरुषांची नाही. अहवाल लिहिताना हा फरक गाळू नका.

त्याची पद्धत उचलण्यासारखी आहे. पहाटे ४ ते दुसऱ्या दिवशी पहाटे ४, अर्ध्या तासाचा एक असे ४८ रकाने. दोन गावांतली मिळून साठ घरं पुरतात. प्रत्येक घरात एक स्त्री आणि एक पुरुष, मुलाखती वेगवेगळ्या, प्रत्येकी पाऊण ते एक तास.

'काल दिवसभर काय केलं?' असं विचारलं तर उत्तर येतं, 'काही नाही, घरीच होते.' म्हणून घड्याळ नव्हे, खुणा विचारायच्या: नळाला पाणी कधी आलं, शाळेची घंटा झाली तेव्हा कुठे होतात, सकाळची एसटी गेली तेव्हा हातात काय होतं. प्रत्येक रकान्याला 'त्याच वेळी आणखी काय?' हा दुसरा रकाना हवाच. 'स्वयंपाक ७ ते ९' असं एका दमात लिहिलेलं कधी स्वीकारू नका. त्या दोन तासांत पीठ मळणं आहे, बाळाला पाजणं आहे, म्हशीची पेंड भिजत घालणं आहे आणि नळाखाली हंडा लावून त्याच्यावर एक डोळा ठेवणं आहे. पाण्यासाठी वाट पाहण्याचा वेळ जवळजवळ नेहमी या दुसऱ्या रकान्यातच सापडतो.

सासू किंवा नवरा शेजारी बसला की उत्तरं आखडतात. दोघांच्या जोडीनं जा, म्हणजे एकजण घरातल्या इतरांशी बोलत राहील. पाच घरांत आधी चाचणी घ्या आणि ४८ रकाने भरलेत का ते त्याच संध्याकाळी तपासा. आठवड्यानं तपासलं तर पुन्हा विचारून काही उपयोग होत नाही. यातून निघणारी मागणी कधीकधी बिनखर्चाची असते. नळाची वेळ स्वयंपाकाच्या वेळेवरून हलवणं हा ग्रामपंचायतीच्या हातातला निर्णय आहे.

नवी_वही

फार उपयोगी. दोन शंका उरल्या. खात्यांकडून योजनेची जिल्हावार माहिती कशी मिळवावी? आणि शेवटी धोरण टिपण कुणाला, किती पानांचं द्यावं?

पायवाट

माहिती अधिकाराचा अर्ज. राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, १० रुपये शुल्क. उत्तराची मुदत ३० दिवस. 'महिलांसाठी काय केलं' असं विचारलं तर पोकळ उत्तर मिळतं. 'अमुक लेखाशीर्षाखाली २०२२-२३ ते २०२४-२५ या वर्षांत जिल्ह्याला मिळालेला आणि खर्च झालेला निधी, महिनावार' असं विचारा. लेखाशीर्ष म्हणजे सरकारी हिशेबात योजनेचा खर्च ज्या शीर्षाखाली नोंदतात ते. महिनावार यासाठी की खर्च मार्चमध्येच उरकला का ते कळतं. अर्ज जुलैत गेला तर पहिलं अपील धरूनही नोव्हेंबरपर्यंत माहिती हातात येऊ शकते.

टिपण दोन पानांचं, मराठीत. मागणी पहिल्या परिच्छेदात, अधिकार कुणाचा ते दुसऱ्यात: ग्रामपंचायत, जिल्हा परिषद की मंत्रालय. मंत्रालयात जाणाऱ्या टिपणाला राज्याच्या महिला धोरणातल्या नेमक्या मुद्द्याचा आधार द्या. पहिलं धोरण १९९४ चं, सध्याचं चौथं २०२४ चं. संदर्भ चौथ्याचाच द्यायचा. गावच्या ठरावाला कमी लेखू नका. विधवा प्रथा बंद करण्याचा हेरवाड ग्रामपंचायतीचा ठराव मे २०२२ मधला आणि राज्य शासनाचं परिपत्रकही त्याच महिन्यातलं.

सुईदोरा

एक राहिलं. लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत समितीचं काम केंद्राच्या गळ्यात घेऊ नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरोधातल्या २०१३ च्या कायद्याखालची ती चौकशी करणारी समिती आहे; तिला गोपनीयता पाळावी लागते आणि चौकशी ९० दिवसांत संपवावी लागते. केंद्राच्या संचालकच तिच्या अध्यक्ष असल्या, की तक्रारदार विद्यार्थिनीला वर्गात शिकवणारी आणि चौकशी करणारी व्यक्ती एकच होते. केंद्रानं जागृतीची सत्रं घ्यावीत, तीही जुलै-ऑगस्टमध्ये नवे प्रवेश होताच. तक्रारीला साधारण तीन महिन्यांची मुदत असते; नोव्हेंबरच्या मोहिमेत ती मुलींना कळली, तर जुलैतल्या घटनेची मुदत तोवर उलटून गेलेली असते.